रक्ताची कल्चर निर्दोष असताना झडपेला बुरशीचा संसर्ग असू शकतो का?

प्रश्नाचा गोषवारा असा आहे. प्रश्नकर्त्याच्या वडिलांचे वय ५४ वर्षे आहे. लहानपणीच्या संधिज्वरामुळे आकसलेली त्यांची हृदयातील मायट्रल झडप सात महिन्यांपूर्वी काढून तेथे धातूची झडप बसवण्यात आली. गेले सहा आठवडे त्यांना ताप येत आहे. रक्ताची तीन कल्चर (जंतू उगवतात का हे पाहणाऱ्या चाचण्या) निर्दोष आली आणि प्रतिजैविकांनी ताप उतरला नाही, म्हणून क्षयरोगाच्या गोळ्या सुरू करण्यात आल्या. त्यानंतर डावा पाय अचानक थंड व निळसर पडला आणि मांडीच्या धमनीतील गुठळी तातडीने काढावी लागली. तिच्या पॅथॉलॉजी अहवालात आत आडवे पडदे असलेले, लघुकोनात फांद्या फुटलेले बुरशीचे तंतू दिसल्याची नोंद आहे. डॉक्टरांनी झडप पुन्हा बदलावी लागेल असे सांगितले आहे. कुटुंबाने तीन गोष्टी विचारल्या आहेत. रक्तात काहीच सापडले नसताना हे निदान पक्के कसे मानायचे, केवळ औषधांवर भागणार नाही का, आणि उपचार किती काळ चालतील?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी निःसंदिग्ध शब्दांत देतो, कारण या आजारात सर्वाधिक वेळ याच शंकेत वाया जातो. रक्ताचे कल्चर निर्दोष येणे आणि संसर्ग नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अहवालातील वर्णन अ‍ॅस्परजिलस या बुरशीशी जुळणारे आहे आणि ही बुरशी झडपेवर भरघोस वाढलेली असतानाही रक्ताच्या बाटलीत क्वचितच उगवते. तिचे लांब तंतू एकमेकांत आणि फायब्रिनच्या (रक्त गोठताना होणाऱ्या धाग्यांच्या) जाळ्यात घट्ट अडकलेले असतात. त्यामुळे सुट्या पेशी रक्तात सतत मिसळत राहतील, असे येथे घडत नाही; सुटतो तो थेट तुकडाच, आणि तो तुकडा मोठा असतो. म्हणूनच मांडी, दंड किंवा मेंदू यांच्या मोठ्या धमन्या अचानक बंद पडणे हे बुरशीच्या संसर्गाचे ठळक लक्षण आहे. कृत्रिम झडप, प्रतिजैविकांना न जुमानणारा ताप, निर्दोष कल्चर आणि मोठ्या धमनीत अडकलेली गुठळी ही चार लक्षणे एकाच रुग्णात दिसली, की बुरशीचा विचार यादीच्या तळाशी न ठेवता अग्रभागी आणला पाहिजे.

हृदयाच्या अंतःस्तराच्या संसर्गाचे निदान करताना जगभर ड्यूक निकष वापरले जातात. त्यांच्या २०२३ च्या सुधारित आवृत्तीनुसार, संसर्गाची सक्रिय लक्षणे असलेल्या रुग्णाच्या धमनीतून काढलेल्या गुठळीत सूक्ष्मजीव आढळले, तर ते निश्चित निदान मानले जाते. आपल्या वडिलांच्या बाबतीत हा पुरावा हाती आहे. ती गुठळी झडपेवरून निघालेला नमुनाच आहे आणि तिच्यात जे दिसले त्याचे वजन तीन निर्दोष कल्चरपेक्षा कितीतरी अधिक आहे.

तरीही एक उणीव राहते व ती भरून काढण्याजोगी आहे. सूक्ष्मदर्शकाखाली असे तंतू दिसले, की ती बुरशी आहे एवढे निश्चित होते. पण फ्युझेरियम आणि स्केडोस्पोरियम या बुरश्यांचे तंतूही ऊतीत अगदी असेच दिसतात आणि त्यांच्यावर चालणारी औषधे वेगळी असू शकतात. म्युकर गटातील बुरशीचे तंतू रुंद, फितीसारखे, जवळपास पडदे नसलेले आणि साधारण काटकोनात फुटणारे असतात, त्यामुळे अनुभवी पॅथॉलॉजिस्ट ती सहसा वेगळी ओळखतात. नेमकी प्रजाती कळण्यासाठी गुठळीचे कल्चर लागते. आपण पाठवलेल्या कागदांवरून मात्र संपूर्ण गुठळी फॉर्मलीनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रवात) गेलेली दिसते. फॉर्मलीनमध्ये पडलेल्या नमुन्यातून काहीही उगवत नाही. धमनीतून गुठळी निघाली, की शस्त्रक्रियागृहातच तिचे दोन भाग करावेत. एक भाग फॉर्मलीनमध्ये पॅथॉलॉजीकडे आणि दुसरा निर्जंतुक डबीत, थोड्या सलाइनमध्ये, मायक्रोबायोलॉजीकडे पाठवावा आणि मागणीपत्रावर ‘बुरशीचे कल्चर’ असे स्पष्ट लिहावे. कल्चरसाठीचा तुकडा कुटून बारीक करू नये, कापावा, कारण कुटल्याने नाजूक तंतू मरतात. हे काम दोन मिनिटांचे आहे. ज्या तरुण शल्यविशारदांपर्यंत हे उत्तर पोहोचेल त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की ताप असलेल्या रुग्णाच्या धमनीतून काढलेली कोणतीही गुठळी ‘साधी गुठळी’ समजून टाकून देऊ नका.

आता करण्याजोगे काम असे, की पॅथॉलॉजी विभागाकडे त्या गुठळीचा मेणातील ब्लॉक जपून ठेवलेला असतो, तो मागवावा. त्यातून बुरशीची जनुकीय ओळख पटवण्याची चाचणी करता येते. फॉर्मलीनमुळे जनुकीय साहित्य तुटलेले असते, त्यामुळे ती दरवेळी यशस्वी होत नाही, पण प्रयत्न अवश्य करावा. चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेत वैद्यकीय बुरशीशास्त्राचे प्रगत संशोधन केंद्र आहे आणि अवघड नमुने तेथे पाठवण्याची पद्धत देशभर आहे. आपल्या रुग्णालयातील मायक्रोबायोलॉजिस्टना त्यासाठी विनंती करावी. अहवाल येईपर्यंत उपचार थांबवून ठेवण्याचे मात्र काहीच कारण नाही.

रक्तातील दोन चाचण्यांविषयी आपल्याला सांगितले गेले असेल. गॅलॅक्टोमॅनन ही अ‍ॅस्परजिलसच्या पेशीभित्तिकेतील घटकाची चाचणी आहे, तर बीटा-डी-ग्लुकन हा अनेक बुरश्यांमध्ये आढळणारा घटक आहे. दोन्ही उपयोगी आहेत, पण दोन्हींच्या मर्यादा ओळखून. रक्तातील गॅलॅक्टोमॅनन मुख्यतः रक्ताच्या कर्करोगाच्या, पांढऱ्या पेशी अतिशय घटलेल्या रुग्णांमध्ये भरवशाचे ठरते. झडपेच्या संसर्गात ते निर्दोष आले म्हणून आजार नाकारता येत नाही. बीटा-डी-ग्लुकन डायलिसिसच्या काही पडद्यांमुळे, अल्ब्युमिन किंवा इम्युनोग्लोब्युलिन दिल्यामुळे, अगदी शस्त्रक्रियेत वापरलेल्या कापसाच्या पट्ट्यांमुळेही खोटे वाढलेले दिसते. आपल्या वडिलांचे निदान या चाचण्यांवर अवलंबून नाही. ही मोजमापे आता करून ठेवली, तर पुढे उपचारांचा परिणाम पाहताना तुलनेसाठी उपयोगी पडतील, इतकेच त्यांचे महत्त्व.

इकोविषयी (हृदयाच्या सोनोग्राफीविषयी) थोडे विस्ताराने सांगतो, कारण ‘इकोमध्ये झडप ठीक दिसते’ हे वाक्य आपल्या पत्रात आले आहे. छातीवरून केलेल्या इकोमध्ये धातूच्या मायट्रल झडपेची सावली नेमकी डाव्या कर्णिकेच्या (हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या) बाजूला पडते आणि बुरशीचा थर बहुधा त्याच बाजूला असतो. अन्ननलिकेतून केलेल्या इकोमध्ये यंत्र हृदयाच्या मागच्या अंगाने, डाव्या कर्णिकेला लागून पाहते, त्यामुळे तो भाग उघडा दिसतो. ही तपासणी झाली नसेल तर ती आजच्या आज व्हावी. झाली असेल आणि निर्दोष आली असेल, तर पाच ते सात दिवसांनी पुन्हा करावी. त्यातही एक शक्यता अशी, की मोठा तुकडा सुटून पायात गेल्यानंतर झडपेवर काही काळ फारसे काही शिल्लकच दिसत नाही. झडपेच्या कडेचे टाके, शेजारची ऊती आणि तेथे होणारा पू यांसाठी हृदयाचे सीटी आणि शक्य असेल तेथे पेट-सीटी यांची मदत होते. शस्त्रक्रियेपूर्वी मेंदूचा एमआरआय किंवा सीटी आणि पोटाचे सीटी करणेही आवश्यक आहे, कारण मेंदू, प्लीहा व मूत्रपिंडात निःशब्दपणे गेलेले तुकडे शस्त्रक्रियेची वेळ ठरवण्यावर परिणाम करतात.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. केवळ औषधांनी अ‍ॅस्परजिलसचा झडपेवरील संसर्ग बरा होईल अशी आशा मी देऊ शकत नाही. बुरशीच्या गोळ्यात रक्तवाहिन्या नसतात, औषध पृष्ठभागावरून जेमतेम आत झिरपते आणि धातू व कापडाच्या कड्यावर बुरशी चिकट जैविक थर करून राहते, ज्याच्या आतील पेशींवर औषधाचा फार कमी परिणाम होतो. शस्त्रक्रियेविना या आजारातून वाचलेले रुग्ण अपवादात्मक आहेत. शस्त्रक्रिया आणि औषध दोन्ही होऊनही निम्म्याहून अधिक रुग्ण दगावतात, हे कुटुंबापासून लपवणे मला योग्य वाटत नाही. पण या दोन वाक्यांतील अंतर हीच आपल्या वडिलांची संधी आहे आणि ती दिवसागणिक कमी होत जाते. पुढचा तुकडा पायात जाईल की मेंदूत, हे कोणीही सांगू शकत नाही. म्हणून डॉक्टरांनी दिलेला शस्त्रक्रियेचा सल्ला मला पूर्णपणे पटतो आणि औषधांनी आधी संसर्ग आटोक्यात आणून मग शस्त्रक्रिया करू, असा बेत या बुरशीच्या बाबतीत सहसा फसतो. मेंदूत रक्तस्राव झालेला असेल, तर साधारण महिनाभर थांबण्याचा विचार करावा लागतो. मेंदूत केवळ रक्तपुरवठा तुटल्याचा लहान डाग असेल आणि रुग्ण शुद्धीवर असेल, तर तेवढ्याने शस्त्रक्रिया अडवून धरू नये.

दुसऱ्यांदा छाती उघडणे पहिल्यापेक्षा जोखमीचे असते, कारण हृदय छातीच्या हाडाला आतून चिकटलेले असते. तरी शल्यविशारदांनी संसर्ग झालेली झडप, तिचे टाके आणि भोवतीची सडलेली ऊती निःशेष काढणे यावरच सारे काही अवलंबून आहे. नवी झडप धातूची असावी की प्राण्यांच्या ऊतीची, हा प्रश्न त्यानंतरचा. माझा कल येथे ऊतीच्या झडपेकडे आहे. ५४ व्या वर्षी ती पंधराएक वर्षांत पुन्हा खराब होऊ शकते, हे मला मान्य आहे. परंतु दीर्घकाळ बुरशीविरोधी गोळ्या घेणाऱ्या माणसाला धातूच्या झडपेसाठी आजन्म लागणाऱ्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचे प्रमाण सांभाळणे किती अवघड जाते, ते पाहता मला तो सौदा परवडणारा वाटतो. अंतिम निर्णय अर्थातच छाती उघडल्यावर जे दिसेल त्यावरून शल्यविशारद घेतील. काढलेली झडप मात्र पुन्हा संपूर्ण फॉर्मलीनमध्ये जाऊ नये, हे त्यांच्याशी आधी बोलून घ्यावे.

औषधांबाबत आपल्या वडिलांची परिस्थिती एका कारणाने अधिक गुंतागुंतीची आहे. अ‍ॅस्परजिलसवरचे प्रथम पसंतीचे औषध व्होरिकोनॅझोल हे आहे. पहिल्या दिवशी दर किलो वजनाला ६ मिलिग्रॅम याप्रमाणे बारा तासांच्या अंतराने दोन मात्रा आणि नंतर दर किलोला ४ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, अशी सुरुवात शिरेतून केली जाते. परंतु क्षयरोगाच्या गोळ्यांतील रिफाम्पिसिन यकृतातील औषधे मोडणारी विकरे (एन्झाइम्स) इतकी चेतवते, की व्होरिकोनॅझोल रक्तात जवळपास शिल्लकच राहत नाही. ही दोन औषधे एकत्र देता येत नाहीत. थुंकी, गाठ किंवा अन्य कोठेही क्षयरोगाचा जंतू सापडलेला नसेल, तर त्या गोळ्या आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद कराव्यात असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे लांबलेल्या तापाला क्षयरोगाची औषधे देऊन पाहण्याची प्रथा खोलवर रुजलेली आहे. पण कृत्रिम झडप असलेल्या रुग्णाला ती सुरू करण्यापूर्वी अन्ननलिकेतून इको झालीच पाहिजे, असा माझा आग्रह असतो.

रिफाम्पिसिन बंद केल्यावरही त्याचा प्रभाव सुमारे दोन आठवडे रेंगाळतो. या काळात बुरशीविरोधी इंजेक्शन लायपोसोमल (मेदाच्या आवरणातील) अ‍ॅम्फोटेरिसिन-बी वर भर द्यावा, दर किलोला रोज ३ ते ५ मिलिग्रॅम या प्रमाणात. ६० किलो वजनाच्या रुग्णाला वरच्या प्रमाणानुसार रोज ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या सहा कुप्या लागतात. ते ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच द्यावे लागते, सलाइनमध्ये मिसळल्यास त्याचा साका होतो. कुपीवरचे नाव दरवेळी वाचले जाते ना, याकडे घरच्यांनीही लक्ष ठेवले तर हरकत नाही, कारण साधे अ‍ॅम्फोटेरिसिन आणि लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन यांची मात्रा पूर्णपणे वेगळी आहे आणि एकाची मात्रा दुसऱ्याला वापरली तर ती जिवावर बेतू शकते. रोज किंवा दिवसाआड क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची चाचणी), पोटॅशियम आणि मॅग्नेशियम तपासावे. पोटॅशियम घसरले, की हृदयाची लय बिघडते, आणि ताज्या शस्त्रक्रियेच्या रुग्णाला ते परवडणारे नाही.

दोन आठवड्यांनंतर व्होरिकोनॅझोल सुरू केल्यावर पाचव्या दिवसाच्या आसपास, पुढची मात्रा देण्यापूर्वी, रक्तातील त्याची पातळी मोजावी. ती दर मिलिलिटरला साधारण १ ते ५.५ मायक्रोग्रॅम या दरम्यान हवी. एकाच मात्रेत कोणाची पातळी नगण्य राहते तर कोणाची दुप्पट चढते, कारण हे औषध पचवणारे विकर प्रत्येकात जन्मतः वेगळ्या क्षमतेचे असते. येथे दुसरा धोका आयएनआरचा, म्हणजे रक्त किती पातळ आहे हे सांगणाऱ्या मोजमापाचा आहे. वडील अ‍ॅसिनोकुमरॉल घेत आहेत. रिफाम्पिसिनमुळे या रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा परिणाम कमी झाला असणार आणि म्हणून मात्रा वाढवली गेली असणार. आता रिफाम्पिसिन गेले आणि व्होरिकोनॅझोल आले, की तीच वाढवलेली मात्रा रक्त धोकादायकरीत्या पातळ करू शकते. शस्त्रक्रियेच्या काळात हेपॅरिन या रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनवर राहणे आणि गोळी पुन्हा सुरू करताना ती कमी मात्रेपासून, आयएनआर दर दोन-तीन दिवसांनी पाहत वाढवणे, हाच सुरक्षित मार्ग आहे.

ज्यांच्या घरात वेगळ्या बुरशीचे निदान झाले आहे त्यांच्यासाठी एक भेद सांगणे आवश्यक आहे. झडपेच्या बुरशीजन्य संसर्गांत सर्वाधिक प्रमाण कँडिडा या यीस्ट प्रकारच्या बुरशीचे असते, अ‍ॅस्परजिलस त्यानंतर येते. कँडिडा बहुधा अतिदक्षता विभागात मोठ्या शिरेत ठेवलेली नळी, डायलिसिसची नळी, शिरेतून दिलेले पोषण आणि दीर्घकाळ चाललेली प्रतिजैविके यांच्या पाठोपाठ येते व रक्ताच्या कल्चरमध्ये बहुतेक वेळा उगवते. रक्तात कँडिडा सापडली तर ती कधीही ‘बाहेरून मिसळलेली’ मानू नये. नळी काढावी, बाहुल्या मोठ्या करून डोळ्यांचा पडदा तपासावा आणि कृत्रिम झडप असेल तर इको न चुकता करावी. तेथे लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन किंवा नेहमीपेक्षा मोठ्या मात्रेत एकायनोकँडिन गटातील बुरशीविरोधी औषध देतात, उदाहरणार्थ कॅस्पोफंजिन रोज १५० मिलिग्रॅम. शस्त्रक्रियेनंतर किमान सहा आठवडे उपचार चालतात आणि कृत्रिम झडप असल्यास पुढे फ्लुकोनॅझोल ही बुरशीविरोधी गोळी दीर्घकाळ ठेवतात. अ‍ॅम्फोटेरिसिनला फ्लुसायटोसिन या बुरशीविरोधी औषधाची जोड द्यावी असे पुस्तकात लिहिलेले असते, पण ते औषध आपल्याकडे सहजी मिळत नाही. भारतीय अतिदक्षता विभागांत दिसणारी कँडिडा ऑरिस ही प्रजाती फ्लुकोनॅझोलला बहुधा दाद देत नाही आणि ओळख पटवणारी काही जुनी यंत्रे तिला दुसरेच नाव देतात, म्हणून संवेदनशीलता चाचणीवाचून गोळीवर जाऊ नये. शस्त्रक्रिया खरोखरच अशक्य असलेले काही निवडक कँडिडा रुग्ण औषधांवर वर्षानुवर्षे तग धरतात. मात्र त्यांचे दाखले आपल्या वडिलांना लागू होत नाहीत.

तिसरा प्रश्न कालावधीचा. अ‍ॅस्परजिलसच्या बाबतीत झडप बदलल्यानंतरही बुरशीविरोधी गोळी आजन्म चालू ठेवण्याचा विचार करावा, अशी मार्गदर्शक तत्त्वांची भूमिका आहे आणि मीही तसाच सल्ला देतो, कारण बुरशी काही महिन्यांनीच नव्हे तर काही वर्षांनीही परतते. व्होरिकोनॅझोल दीर्घकाळ घेताना उन्हाने त्वचा भाजते आणि पुढे त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून पूर्ण बाह्या, टोपी आणि वर्षातून एकदा त्वचारोगतज्ज्ञांची तपासणी आवश्यक आहे. हाडे ठणकू लागली तर तेही या औषधातील फ्लोराइडमुळे असू शकते. यकृताच्या चाचण्या व ईसीजी ठरावीक अंतराने करावेत. हे औषध सोसले नाही तर पोसॅकोनॅझोल किंवा इसाव्ह्युकोनॅझोल हे पर्याय आहेत.

खर्चाचा प्रश्न आपण संकोचाने विचारला आहे, पण तो उपचारांचाच भाग आहे. झडपेची शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते. अ‍ॅम्फोटेरिसिनच्या कुप्या आणि औषधाची पातळी मोजण्याची चाचणी मंजुरीत धरली आहे का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्रांकडून शस्त्रक्रियेआधीच लेखी विचारून घ्यावे. अर्ध्या वाटेवर मात्रा कमी करण्याची वेळ येणे फार वाईट.

घरातील ओल्या भिंतीमुळे हे झाले का, असेही आपण विचारले आहे. अ‍ॅस्परजिलसचे बीजाणू सर्वत्र हवेत असतात आणि कृत्रिम झडपेवर ते बहुतेक वेळा शस्त्रक्रियेच्या सुमारास पोहोचतात, पण एका रुग्णापुरता उगम शोधून काढता येणे दुर्मीळ असते. घरातल्या कोणाच्याही निष्काळजीपणाचा हा परिणाम नाही.

रुग्ण घरी आल्यावर पहिली दोन वर्षे नियमित इको व्हावी. ताप ३८ अंश सेल्सियसवर गेला, एखाद्या हाताला किंवा पायाला अचानक मुंग्या येऊन तो थंड पडला, बोलणे अडखळले किंवा नजर धूसर झाली, तर स्थानिक दवाखान्यात प्रतिजैविक सुरू होण्यापूर्वी रक्ताच्या कल्चरचे तीन संच घेतले जावेत, प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त भरून. जुन्या गुठळीच्या पॅथॉलॉजी अहवालाची प्रत वडिलांच्या पाकिटात कायम ठेवावी, म्हणजे रात्री-अपरात्री भेटणाऱ्या डॉक्टरांना तपासणी बुरशीपासून सुरू करता येईल.